पूनमच्या दुकानातला लाल डबा

ऐक, फक्त ऐक. मध्ये मध्ये 'हो का, हो का' करायचं नाही. फोन उलटा ठेव, चहा आला की पी, पण ऐक.

काळेवाडीत मंडईच्या मागच्या गल्लीत पूनमचं दुकान आहे. कॉम्प्युटर रिपेअरिंगचं. ऑफिसबिफिसचं काम नाही हां, घरचे कॉम्प्युटर. म्हणजे कसं, पोरगं दहावीला गेलं म्हणून बापानं ओव्हरटाइम मारून घेतलेला, त्याच्यावर वर्षानुवर्षं टॉवेल झाकलेला, आणि आता चालूच होत नाही असा. लोक असला कॉम्प्युटर टाकत पण नाहीत आणि नवीन घेत पण नाहीत. स्कूटरवर पायात धरतात आणि पूनमकडं आणतात. आणि ती चालू करून देते. कशी? तर जे बाजारात मिळायचं बंद झालंय ते तिच्याकडं असतं. परभणीवरून आली तेव्हापासून त्या पोरीनं काही म्हणजे काही टाकलेलं नाही. मेलेल्या लॅपटॉपच्या बिजागऱ्या, कीबोर्डची सुटी बटणं, पंख्यांची पाती, बोर्डावर बसतात त्या नखाएवढ्या टोप्या, वायरी. सगळं श्रीखंडाच्या डब्यात, पेढ्याच्या खोक्यात. एक तर चक्क इडलीपात्र होतं, एकेका खळग्यात एकेका जातीचा स्क्रू. आणि बोर्डाबरोबर यायची ती मॅन्युअलं? ती एका पोत्यात. ज्वारीच्या.

आता पूनमचा स्वभाव सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. चहावाल्यानं अर्धा कप जास्त ओतला तरी ती विचार करते, का ओतला? गिऱ्हाईक हसून बोललं तरी हिच्या कपाळाला आठी. त्याला कारणही आहे. आधी एका पार्टनरबरोबर चिंचवडला काम करायची, तो लोकांच्या मशीनमधली चांगली रॅम काढून जुनी घालायचा आणि बोलणी हिला बसायची. तेव्हापासून हे असं. दुकानात कॅमेरा पण लावलाय, पण नुसता डबा. वायर कुठंच जात नाही. लोकांना वाटावं म्हणून.

तर एक दिवस तिच्याकडं रोहिदासकाका आले. भोसरीला एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला आयुष्य घालवून रिटायर झालेले. आकुर्डीला राहतात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, चष्म्याला दोरी. त्यांनी घरचा कॉम्प्युटर धूळ झाडायला उघडला आणि समोरच्या बटणाच्या वायरी निघाल्या. कुठली वायर कुठल्या पिनेत, ते मॅन्युअलमध्ये असतं आणि त्यांचं मॅन्युअल रद्दीत गेलेलं.

पूनमनं पोतं उपडं केलं आणि फरशीवर बसून शोधायला लागली. काका बघत उभे. बघवेना त्यांना. तेही खाली बसले आणि ही शोधतेय तोवर कंपनीवार गठ्ठे लावायला लागले.

"मॅडम, तुम्हाला यात सापडतं कसं?"

"हात जातो बरोबर."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

"मग दुकान बंद."

ती हसली. काका हसले नाहीत. तुला सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू तिनं गॅस चालू ठेवून गावाला जाणार म्हणून सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका परत हजर. स्कूटरला प्लास्टिकचे डबे बांधलेले, कंपनीत असतात ना, पुढून तोंड असलेले, तसले. निळे, पिवळे, आणि एक मोठा लाल.

"मी लावून देतो सगळं. निळ्यात चांगलं, पिवळ्यात तपासायचं राहिलेलं, लालमध्ये रिजेक्ट. चाकणपासून भोसरीपर्यंत कुठल्याही कंपनीत जा, हेच."

"पैसे किती घेणार?"

"पैसे कसले! घरी बसून बसून बायको वैतागली. म्हणते, फ्रिजमधल्या बाटल्यांना पण नंबर टाकताय तुम्ही."

लाल डब्याला झाकण होतं. झाकणाला देवळातल्या दानपेटीला असते तशी रुंद फट, आणि वर एक बारकं कुलूप. काकांनी किल्ली काउंटरवर ठेवली. "ही तुमच्याकडं. लालची किल्ली स्टोअरवाल्याकडं ठेवायची नसते." पूनमनं ती ड्रॉवरमध्ये टाकली, ती टाकलीच. ती कंपनीत कधी कामाला गेलेलीच नाही. तिला वाटलं, रंग आहेत, दिसायला बरे दिसतील.

पण डोक्यात एकच. फुकट? का?

शेजारी सुजितचं दुकान आहे, मोबाइलची कव्हरं आणि काचा लावतो तो. त्याला तर असं काही मिळालं की सणच. "अगं पूनमे, इथं फुकट कोणी टायरमध्ये हवा भरून देत नाही. आणि हा बाबा रोज आकुर्डीवरून पेट्रोल जाळून येणार? तुझे स्क्रू वेचायला? काहीतरी आहे."

"काय असेल?"

"ते मला काय माहीत. पण आहे."

मग ते खिशांचं सुरू झालं. पहिल्या दिवशी संध्याकाळी काका निघाले आणि शटरपाशी थांबले. पँटचे खिसे बाहेर काढले, पिशवी उघडली, जेवणाचा डबा उघडला, हात थोडे वर केले आणि उभे. पूनमला वाटलं, काही हरवलं की काय यांचं.

"बघून घ्या, मॅडम."

"काय बघू?"

"पिशवी."

अरे, कंपनीच्या गेटवर रोज झडती देऊन देऊन सवय लागलेली माणसाला. झडती दिल्याशिवाय सुटका झाल्यासारखं वाटेना! पण पूनमला काय माहीत. तिनं बघितलं न बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी तेच. रोज तेच. तिनं सुजितला सांगितलं, तर सुजितनं हातातलं कव्हरच खाली ठेवलं.

"हे डेंजर आहे. ज्याला काही न्यायचं नसतं तो कधी खिसे दाखवतो का? मी दाखवतो? तू दाखवतेस? तो तुला सवय लावतोय. रोज रिकामी पिशवी बघून बघून तू कंटाळणार. ज्या दिवशी तू बघायचं सोडशील ना, त्या दिवशी पिशवी भरलेली असणार."

पूनमला हे पटलं. शंभर टक्के पटलं. एकदा असं डोक्यात बसलं ना, की मग सगळंच दिसायला लागतं. काका भिंतीवरच्या डब्यांचे फोनवर फोटो काढायचे. कशाला? आधी काढायचे, मग लावायचे, मग परत काढायचे. कुणाला पाठवतात? एकदा हातात हार्ड डिस्क घेऊन विचारलं, "मॅडम, माणसाचं सगळं यातच राहतं का हो? फोटो, कागदपत्रं, सगळं?" हे यांना कशाला हवंय? एकदा तर मॅन्युअल घरी न्यायला मागितलं, वाचायला! मॅन्युअल कोण वाचतं रे? आणि ते परत पण आणलं, ब्राऊन पेपरचं कव्हर घालून.

आणि त्यात सुजितनं आणखी एक आणलं. पूनम दुपारी लोकांच्या घरी जायची, थेरगाव, पिंपळे सौदागर, कुणाचं वायफाय, कुणाचा प्रिंटर. तेव्हा दुकान काकांवर आणि सुजितच्या नजरेवर.

"तू गेलीस की आत ठाक ठाक चालतं," सुजित म्हणाला.

"कसलं ठाक ठाक?"

"हातोडीचं. मी डोकावलो की बंद. पाणी पितो, माझ्याकडं बघून हसतो, आणि मी वळलो की परत ठाक."

पूनमनं काकांना सरळ विचारलं. काका म्हणाले, "लाल डबा आवरत होतो." बास, एवढंच. आणि तिनं पुढं विचारलंच नाही बघ. संशय असला ना की माणूस उत्तरं ऐकतच नाही, तोंडाकडं बघत बसतो.

मग तिनं सापळा लावला. चांगली नवी रॅम काउंटरवर उघडी ठेवली, "आलेच" म्हणाली आणि सुजितच्या दुकानात जाऊन कव्हरांच्या मागून बघत बसली. काकांनी रॅम बघितली. उचलली. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, बाहेर बघितलं. सुजितनं पूनमचा हात दाबला. काकांनी ती रॅम शर्टाला पुसली आणि आत गेले. संध्याकाळी खिसे रिकामे, पिशवी रिकामी. रॅम निळ्या डब्यात, तिच्या जातीच्या रॅमांच्या रांगेत.

"आपल्याला बघितलं त्यानं," सुजित म्हणाला. "पक्का आहे."

म्हणजे बघ हां, चोरलं तर चोर, नाही चोरलं तर पक्का चोर. सुटायला जागाच नाही.

तर आता खरी गोष्ट. दत्तोबा.

दत्तोबा म्हणजे पूनमच्या गाळ्याचे मालक. मूळचे चिखलीचे, शेतीवाले. जमिनीवर चाळी आणि गाळे झाले, पण माणूस अजून पायजमा-टोपीतच. त्यांच्या घरचा कॉम्प्युटर बसला होता. पुतण्यानं, गणराजनं, त्यातली हार्ड डिस्क काढून रुमालात गुंडाळून आणली आणि मागं दत्तोबा.

"पोरी, बाकी समदं जळू दे. यात चिमण्याचा गाडा हाय. तेवढा काढून दे."

चिमण्या त्यांचा बैल. बैलगाडा शर्यतीतला. शर्यतींवर बंदी यायच्या आधी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळाला होता, कुणीतरी हँडीकॅमवर शूटिंग केलं होतं, ते या एका डिस्कमध्ये. दुसरीकडं कुठंच नाही. चिमण्या गेला, शूटिंग करणारा पण गेला.

"असा पळाला हुता पोरी, की गाड्याची चाकं भुईला लागत नव्हती. मी पुढं घोडीवर हुतो, मला मागं वळून बघताबी आलं न्हाई. मी त्याला पळताना फकस्त त्या कम्प्युटरच्या टीव्हीवरच बघितलाय." म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी. "तुझ्या हातात हाय आता."

पूनमनं डिस्क लावून बघितली. आतल्या चकत्या ठीक वाटत होत्या, खालची हिरवी पट्टी जळलेली. तसलीच डिस्क मिळाली की पट्टी बदलायची, काम फत्ते. आणि तसली मेलेली डिस्क तिच्याकडं होती, तिला पक्कं आठवत होतं. तिनं दत्तोबांच्या डिस्कवर चिठ्ठी चिकटवली, 'बंद आहे', टेबलावर ठेवली आणि घाईत एका घरच्या कामाला गेली. मोशीत एका पोरीची ऑनलाइन परीक्षा अडकली होती.

दुसऱ्या दिवशी डिस्क नाही.

टेबलावर नाही, टेबलाखाली नाही. निळ्या डब्यात नाही, पिवळ्यात नाही. तिची ती मेलेली जुनी डिस्क, ती पण नाही. एक नाही, दोन्ही गायब!  काका शांतपणे स्क्रू निवडत बसलेले.

"काका, इथं एक हार्ड डिस्क होती."

"चांगली?"

"दत्तोबांची."

"दत्तोबांची म्हणून कुठली माझ्या बघण्यात नाही, मॅडम. चांगल्या सगळ्या निळ्यात, नावानिशी."

अगदी सरळ सांगितलं त्यांनी. आणि खरंच सांगितलं. पण पूनमला ते सरळपणच खुपलं. संध्याकाळी काकांनी पिशवी उघडली तेव्हा तिनं पहिल्यांदा आत हात घातला. डब्याच्या खाली, पेपरच्या घडीत, सगळीकडं. काका हात वर करून उभे. बरं वाटलं त्यांना, माहितीये? म्हणाले, "असंच बघत जा. नीट." पिशवीत काहीच नव्हतं. आणि सुजित मागून हळूच म्हणाला, "काल नेली. काल तू कुठं बघितलंस? तू मोशीला होतीस."

तिकडून दत्तोबांचा फोनवर फोन. "झालं का पोरी? पाव्हनं यायचं हायेत, नातवाला बघायला. त्यांना चिमण्याचा गाडा दावायचाय." एकदा टाळलं, दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा म्हातारा स्वतःच दुकानात येऊन बसला, गणराजला घेऊन. काका त्या दिवशी बायकोला दवाखान्यात न्यायचं म्हणून आलेले नव्हते. दत्तोबा समोर, गाळा त्यांचा, डिस्क नाही. पूनमच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्याकडं एक काका येतात, डबे लावायला. त्यांनी... म्हणजे मला तसं वाटतंय. मी बघितलं नाही. पण त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं."

"कुठं ऱ्हातो?" गणराज उठलाच.

तिनं पत्ता दिला. दिला रे तिनं पत्ता. आकुर्डीच्या सोसायटीचं नाव, मजला, सगळं.

गणराज संध्याकाळी आला, चेहरा लालबुंद. "घर उलथंपालथं केलं. काय न्हाई घावलं. लई मुरलेला म्हातारा हाय. आमी काय करायच्या आत सोताच येकयेक खण काढून दाखवतोय, गादी उचलून दाखवतोय, गव्हाचा डबा वतला त्यानं आमच्याम्होरं. बायको त्याची रडतीया, सोसायटीची मान्सं जिन्यात हुबी, आनि ह्यो म्हनतोय, अजून किचन राहिलंय, ते बघा."

पूनमला ऐकताना कसंतरी झालं. पण आत कुठंतरी असंही वाटलं, की बघा, घरी ठेवलेलीच नसणार. विकली असणार. तिला तसं वाटणं भागच होतं ना? तसं नाही वाटलं तर मग तिनं काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. दुपारी एक बाई लॅपटॉप घेऊन आल्या, बिजागरी तुटलेली. पूनमनं भिंतीवर बघितलं, बिजागरी पहिल्या फटक्यात सापडली, नावासकट. स्क्रू पण सापडले. फक्त बिजागरीखालची एक बारकी चकती नव्हती, ती पूनमला आठवत होती, एका बंद पडलेल्या लॅपटॉपवर होती. तो लॅपटॉप कुठं? निळ्यात नाही, पिवळ्यात नाही. मग राहिला लाल. आणि ड्रॉवर उपसताना किल्ली हाताला लागली.

तिनं लाल डबा उघडला.

आता तू म्हणशील, आधी का नाही उघडला? तिला मी पण हेच विचारलं. अरे, ती डिस्क शोधतच नव्हती. ती चोर शोधत होती. चोर माल दुकानात कशाला ठेवेल? आणि किल्ली तर तिच्याच ड्रॉवरमध्ये.

आत सगळं मारलेलं. मारलेलं म्हणजे, प्रत्येक वस्तूवर छिन्नीचे दोन घाव, फुलीसारखे, बरोबर मधोमध. बोर्डांवर फुली. बंद पडलेल्या लॅपटॉपवर फुली. जळक्या पंख्यावर फुली. कंपनीत कसं असतं, रिजेक्ट माल तसाच ठेवला तर कुणीतरी चुकून परत लाइनला लावतं, मग गाडीत बसतो, मग कुठंतरी ब्रेक लागत नाही. म्हणून रिजेक्ट झाला की तो आधी निकामी करायचा, मग भंगारात. ते काकांच्या हाडात बसलेलं. आणि पूनमच्या धंद्यात बंद पडलेली वस्तू म्हणजे तर खजिना! त्यातूनच दुसरी जिवंत होते. हे तिनं त्यांना कधी सांगितलंच नाही. त्यांनीही विचारलं नाही. दोघांनाही वाटलं, यात सांगायचं काय, हे तर कुणालाही कळतं.

एका कोपऱ्यात तिची जुनी डिस्क, फुली मारलेली. तिच्यावर दत्तोबांची. 'बंद आहे' ही चिठ्ठी तिच्याच अक्षरातली, आणि चिठ्ठीच्या मधोमध छिन्नी आरपार. हलवली की आत चुरा वाजत होता.

पूनम त्या फरशीवर बसली ती कितीतरी वेळ उठली नाही. सुजित आला, डबा बघितला, डिस्क हलवून बघितली. म्हणाला, "चल, सुटलो. नेऊन दाखव दत्तोबांना. म्हाताऱ्यानंच केलं म्हणावं."

"काय केलं म्हणू? चोरी?"

"चोरी नाही, पण केलं तर त्यानंच ना?"

आता बघ कसं झालंय. काकांना माहीतच नाही. त्यांनी एक रिजेक्ट मारला, बास. तो दत्तोबांचा बैल होता हे त्यांच्या गावीच नाही. खरं सांगितलं तर काका चोर नाहीत हे सिद्ध होतं, पण त्या माणसानं आपल्या हातानं कुणाचं तरी एकमेव काहीतरी फोडलं, हे त्याला कळणार. ज्याच्या हातून आयुष्यात कधी एक नट इकडचा तिकडं गेला नाही त्याला. तेही घराची झडती झाल्यावर. आणि नाही सांगितलं, तर तो चोरच राहणार.

इकडं दत्तोबांनी ठरवलं, समोरासमोर होऊन जाऊ दे. दोघांना दुकानातच बोलावलं. काका आले. इस्त्रीचा शर्ट, पण दाढी वाढलेली. दत्तोबा स्टुलावर, गणराज दारात, सुजित त्याच्या मागं.

"रोहिदासराव," दत्तोबा म्हणाले, "मी पोलिसात जानार न्हाई. तुमी बी वयानं माझ्याबरोबरीचं. नेली असंल तर द्या. कुनाला विकली असंल तर नाव सांगा, मी जाऊन त्याच्या पाया पडतो. मला फकस्त चिमण्या पायजे."

काकांनी हात जोडले. "मी नेली नाही हो. कुणाची शपथ घेऊ?"

तेवढं झालं आणि पूनमनं ड्रॉवर उघडून डिस्क काउंटरवर ठेवली.

"माझ्या हातून गेली," ती म्हणाली. "चकती अडकली होती, मी छिन्नी लावली, घसरली. मग मला भीती वाटली तुमची. म्हणून काकांचं नाव घेतलं. त्यांचा काही संबंध नाही."

 गणराज म्हणाला, "मग आमाला त्याच्या घरी कशाला धाडलंस?" पूनमनं मान खाली घातली. तेवढं काही नाटक नव्हतं.

आणि काका. काकांनी छातीवरचा चष्मा उचलून डोळ्यावर लावला. डिस्क बघितली. दोन घाव, फुलीसारखे, मधोमध. छिन्नी घसरली तर अशी फुली होते का? चिठ्ठी बघितली. मग बोटानं ती डिस्क जरा सरकवली, काउंटरच्या कडेला सरळ लागेल अशी केली. चष्मा काढला. गप्प.

दत्तोबांनी डिस्क उचलून कानाशी हलवली. चुरा वाजला. म्हातारा रडला नाही. उठला, काकांसमोर वाकला, म्हणाला, "चुकलं आमचं. तुमच्या घरात शिरलो."

"असू द्या," काका म्हणाले.

मग दत्तोबा पूनमकडं वळले. "गाळा मोकळा करून दे पोरी. रागानं न्हाई म्हनत. पर रोज हितनं जायाचं आनि ह्ये आठवायचं, मला न्हाई जमायचं."

तेव्हाही काका गप्प. तिचं दुकान चाललंय, समोर, आणि माणूस गप्प. जमिनीकडं बघत उभे.

सगळे गेल्यावर सुजित पेटलाच. "वेडी आहेस तू, ठार वेडी! आणि त्यानं ओळखलं. मी सांगतो ना, ओळखलं त्यानं. स्वतःचा घाव माणूस ओळखणार नाही? बघितलं आणि गिळलं. आता पटलं का तुला, कसला माणूस आहे?"

"चष्मा जुना आहे त्यांचा. नंबर वाढलाय म्हणत होते," पूनम म्हणाली.

"तुला स्वतःला तरी पटतंय का हे?"

पटत नव्हतं. आणि न पटूनही चालत नव्हतं. ओळखलं असेल तर बोलले का नाहीत? घाबरले? परत जिन्यात माणसं उभी राहतील म्हणून? का तिच्यावरचा राग? का नाहीच ओळखलं? विचारायचं म्हटलं तर सांगावं लागणार. न विचारता राहायचं म्हटलं तर ही टोचणी आयुष्यभर.

आणि दिवे लागायच्या वेळेला काका परत आले. एकटेच. स्कूटर बंद न करता, रस्त्यावरूनच.

"मॅडम, सामान कधी हलवायचं? मी सकाळी येतो. डबे मी लावलेत, दुसऱ्याच्या हातानं मिसळून जातील." जरा थांबले. "येऊ ना?"

बघ, त्यांचा चेहरा होता तसाच. त्यात काय होतं ते पूनमला कळेना. माफी होती, की माया होती, की फक्त डबे मिसळतील याची काळजी. 'या' म्हणावं तर दिवसभर हा माणूस समोर, आणि मध्ये ते न बोललेलं. 'नको' म्हणावं तर त्यांना वाटणार, अजून मला चोरच समजते. आणि खरं सांगावं तर ज्याच्यासाठी दुकान घालवलं तेच फुकट.

स्कूटर चालू. काका वाट बघतायत. पूनम शटरला धरून उभी.

सांग ना, तू असतास तिथं, तर काय केलं असतंस?